जैसेथे आणि पाच कार्डांचं पाकीट

घरसामान हलवणाऱ्या माणसांना एकमेकांची खरी नावं क्वचितच ठाऊक असतात. तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरत असतं, वरचा घामाघूम, खालचा कपाटाखाली, अशा वेळी आडनावासकट हाक मारायला दम कुणाकडे असतो? तोंडाला येईल ते नाव पडतं, आणि एकदा पडलं की मेल्याशिवाय सुटत नाही. 'पैलवान' हा असाच एक गडी. वारा सुटला की खिशात दोन विटा घालून फिरावं, अशी त्याची तब्येत. आणि त्याचा मुकादम तो जैसेथे.

जैसेथेला हे नाव त्याच्या तोंडच्या एका वाक्यानं पडलं. नव्या घरात सामान उतरलं, खोक्यांचा डोंगर झाला, घरची बाई डोक्याला हात लावून त्याच डोंगराच्या पायथ्याशी बसली, की हा पुढं होऊन म्हणायचा, "ताई, काळजी सोडा. सगळं जैसे थे लावून देतो." आणि द्यायचा. बाकीचे लोक खोकी दारात टाकून, कागदावर सही घेऊन पसार होतात. हा फळीवरचं कुठलं पुस्तक कुठल्या पुस्तकाच्या अंगावर रेलून झोपलं होतं, ते तसंच झोपवायचा. एका घरात तर त्यानं भिंतीवरचं घड्याळसुद्धा जुन्या घरात होतं तसंच जरा तिरकं लावलं. घरमालक म्हणाला, "अहो, हे सरळ करायचं आमचं वर्षानुवर्षं राहिलं होतं."

"ते तुमचं काम," जैसेथे म्हणाला. "माझं काम होतं तसं."

ही किमया त्याच्या डोक्याची नव्हे. डोकं त्याचं चारचौघांसारखंच, घरून निघताना डबा विसरणारं. किमया कॅमेऱ्याची. परदेशी निघालेल्या एका गिऱ्हाइकानं जाता जाता हातावर ठेवलेला, अंगावरचा रुपेरी मुलामा उडालेला जुना डिजिटल कॅमेरा. बॅटरीचं झाकण बसत नव्हतं, त्याला बायकोच्या केसांचं रबर लावलेलं. सामान बांधायच्या आधी हा घरभर फिरून एकेक फळी, एकेक खण, टीव्हीच्या मागची वायरींची गुंतवळसुद्धा टिपून घ्यायचा आणि नव्या घरात फोटो बघत बघत लावायचा.

मोबाइलवर का काढत नाही, असं कुणी विचारलं की तो हातमोजे पुढं करायचा. हातमोजा घातला की मोबाइल ओळखच दाखवत नाही. शिवाय एकदा हौसेनं मोबाइलवर काढले होते, तर मेहुणा रोज सकाळी पाठवतो त्या गुलाबांच्या आणि सुविचारांच्या गर्दीत एका डॉक्टरांचा अख्खा दिवाणखाना हरवला. सोफा शोधायला जावं तर 'आयुष्य सुंदर आहे' समोर यायचं.

आणि काढलेले फोटो तो पुसायचा नाही. लोकांचं घर असं बोटानं पुसून टाकायचं त्याच्या जिवावर यायचं. लोक मागाहून फोनही करायचे. "अहो, आमच्या जुन्या घरात कोपऱ्यातल्या दिव्याखाली काय होतं हो? तिथं काहीतरी होतं, आता मोकळं मोकळं वाटतंय." मग हा कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड शोधून सांगायचा, "वेताची टोपली होती, वहिनी. आत लोकर." म्हणून एक कार्ड भरलं की काढून ठेवायचं आणि दुसरं घालायचं. भरलेली कार्डं बायकोच्या बटणांच्या डबीत राहायची. बायको पडदे शिवायची. हा घर हलवायचा आणि ती त्याच घराच्या नव्या खिडक्या झाकायची, असा त्यांचा जोडधंदा. एकदा काळं चौकोनी बटण समजून तिनं एक कार्ड उशीच्या अभ्र्याला लावायला घेतलं होतं. सुईला भोक सापडेना, तेव्हा कुठं ते वाचलं.

झालं काय, की एका हंगामात घरं भराभर हलली आणि कार्डं संपली. दुकानदारानं त्या जुन्या कॅमेऱ्यात चालणाऱ्या कार्डाचा भाव सांगितला तेव्हा जैसेथेनं नुसतं "हो का" म्हटलं आणि दुकानातल्या पंख्याकडं बघितलं. संध्याकाळी बायको शिवणयंत्रावर होती. हा तिच्या पायाशी बसून मोबाइल चाळत होता.

"हे बघ," तो म्हणाला. "पाच कार्डं. दुकानात एकाला मागतो तेवढ्यात पाच. आणि जागा बघ केवढी. अख्खं शहर मावेल."

शिवणयंत्र थांबलं. "कोण विकतंय?"

"कंपनी आहे."

"नाव काय तिचं?"

त्यानं वाचायचा प्रयत्न केला. कुणीतरी कीबोर्डवर बूड टेकवावं तशी ती अक्षरं होती. "हे उच्चारता येत नाही. पण मोठी असणार."

"ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं?"

"भांडायचं कशाला? लोकांनी किती चांगलं लिहिलंय ते तरी ऐक. 'पाकीट व्यवस्थित होतं.' 'एक दिवस आधी आलं.' 'अजून वापरलं नाही, पण छान वाटतंय.' 'माझ्या जावयाला आवडलं.'"

"ह्यात कार्डाबद्दल कोण काय बोललंय?"

"आवडलं म्हणजे कार्डच आवडलं ना. जावयाला पाकीट कोण देतं?"

"मागं छत्रीबद्दलही लोकांनी असंच चांगलं लिहिलं होतं. उघडली ती मिटेना. बसमध्ये छत्री उघडून उभे होतात तुम्ही, आणि कंडक्टर तुमच्याभोवती फेरा घालून तिकिटं देत होता."

"ती छत्री होती. ह्यात उघडायचं-मिटायचं काही नाही."

"घ्या मग. डोकं तुमचं, बोट तुमचं. माझी बटणांची डबी तेवढी आता मोकळी करा."

बोट दाबलं गेलं. पाकीट खरोखरच एक दिवस आधी आलं आणि खरोखरच व्यवस्थित होतं. चकचकीत, आत प्रत्येक कार्डाला प्लास्टिकची पारदर्शक डबी. जैसेथेनं एक कार्ड कॅमेऱ्यात सरकवलं. अजून इतके हजार फोटो मावतील, असा भलामोठा आकडा पडद्यावर आला. त्यानं बायकोचा शिवणयंत्रावरचा एक फोटो काढला. छान आला. मग त्यानंही मोबाइल घेऊन लिहून टाकलं, 'पाकीट उत्तम. वेळेआधी मिळालं.' आणि पाच तारे दिले. लोकांनी सुरू केलेली माळ अशी आणखी एका मण्यानं वाढली.

त्याच आठवड्यात ऑपरेटरबाईंचं काम आलं.

बाईंनी उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोनचा चिमटा, समोर बोर्ड, बोटं बटणांवर. नजर हळूहळू गेली. आधी बारीक अक्षरं, मग माणसांचे चेहरे, आणि आता खिडकी कुठं आहे एवढंच कळायचं. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट चालू असण्यापेक्षा बंद असण्याचीच तिला सवय जास्त. म्हणून बाईंनी दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरचं घर घेतलं होतं.

"तुमच्याबद्दल ऐकलंय," बाई जैसेथेला म्हणाल्या. "होतं तसं लावून देता म्हणे."

"बाई, तुम्ही बघाच, म्हणजे..." त्यानं जीभ चावली.

"बघते की. पुढं बोला."

"म्हणजे तुम्हाला फरक कळणार नाही असं लावतो."

"माझ्या बाबतीत फरक बोटभरसुद्धा चालत नाही. स्वयंपाकघरात तर नाहीच." बाईंनी खुर्चीचा हात चाचपला आणि बसल्या. "माझा एक भाचा आहे. विमा कंपनीत अधिकारी. त्याला चमच्यातसुद्धा अपघात दिसतो. तो म्हणतो, आत्या, नव्या घरात तू एकटी कशी राहशील? मी म्हटलं, जुन्यात राहते तशी. तर म्हणाला, शनिवारी चार वाजता येतो. कुणाची मदत न घेता मला चहा करून दिलास तर राहा बापडी. नाही जमलं तर माझ्याकडे. खोली तयारच ठेवलीय."

"भाच्याकडे त्रास आहे का काही?"

"छे, त्रास कसला. फार चांगली माणसं. मी पाण्याचा पेला उचलायला गेले तरी तिघं उठतात. दोन दिवस राहिले होते, तेव्हा दोन दिवस मी नुसती बसले होते. उरलेलं आयुष्य मला असं बसून काढायचं नाही, समजलं?"

जैसेथेला समजलं. त्यानं शब्द दिला. आपला नेहमीचाच, पण ह्या वेळी देताना हातमोजे काढले.

शुक्रवारी त्यानं घर टिपलं. आधी झोपायची खोली, मग बाहेरची, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. ह्या धंद्यात स्वयंपाकघर शेवटीच बांधतात. तोवर गड्यांना चहा मिळत राहतो. बाईंची लाकडी मांडणी भिंतभर होती, वरपासून खालपर्यंत डबेच डबे. एकेका डब्याचे त्यानं समोरून, बाजूनं, फूटपट्टी लावून फोटो काढले. काढला की फोटो क्षणभर पडद्यावर दिसायचा. हा मान डोलवायचा आणि पुढच्या डब्याकडे वळायचा. पैलवान मागून म्हणाला, "दादा, इतके फोटो तर माझ्या लग्नात काढले नव्हते."

"तुझ्या लग्नात तू मावत होतास एका फोटोत. आडवा उभा कसाही."

शनिवारी सकाळी तळमजल्यावर सामान उतरलं. झोपायची खोली लागली. पलंगाच्या उशाशी पाण्याची बाटली, तिच्या उजवीकडे रेडिओ, सगळं फोटोबरहुकूम. बाहेरची खोली लागली. जैसेथे हात झटकत स्वयंपाकघरात आला, मांडणी भिंतीला लावली, कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि पडद्यावर करड्या रंगाचा चौकोन आला. मधोमध प्रश्नचिन्ह.

पुढचा फोटो. करडा चौकोन. त्याच्या पुढचाही.

त्यानं कार्ड काढलं, फुंकलं, सदऱ्याला पुसलं, परत घातलं. करडा चौकोन. झोपायची खोली दिसत होती, बाहेरची दिसत होती, स्वयंपाकघर आलं की सगळीकडे राख पसरल्यासारखं. तो पैलवानाला "आलोच" म्हणाला आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेला.

दुरुस्तीवाल्यानं कार्ड संगणकाला लावलं, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि गालात हसला. "ऑनलाइन घेतलंत?"

"हो."

"पाच होती?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आठवड्याला एक तरी येतो असा. ह्याच्यावर लिहिलंय वाडगाभर, आत जागा आहे चमचाभर. चमचा भरला की पुढचं सगळं हे नुसतं घेतल्यासारखं करतं."

"पण मला तर काढल्या काढल्या दिसत होते फोटो."

"तो कॅमेऱ्याच्या तोंडातला घास. पोटात गेला की नाही ते नंतरच कळतं."

"परत मिळवता येतील?"

"हरवले असते तर शोधले असते. हे मुळात उतरलेच नाहीत."

जैसेथे दुकानाच्या पायरीवर बसला. आधी त्यानं मोबाइल काढून आपलं ते पाच ताऱ्यांचं मत उघडलं आणि दुरुस्त केलं, 'पाकीट उत्तम. कार्ड नाही.' एवढ्यानं काही बरं वाटलं नाही. मग बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

पलीकडचं शिवणयंत्र थांबलं. मग बायको म्हणाली, "छत्रीबद्दल मी काही बोलत नाही."

"बोललीसच की."

"बाईंना सांगितलंत का?"

"काय सांगू? तुमचं स्वयंपाकघर स्वस्तात गेलं म्हणून?"

"तेच सांगा. आणि आत्ता सांगा. चार वाजता सांगून काय उपयोग?"

परत आला तर पैलवान मांडणीसमोर खोक्यावर बसून होता. सगळा प्रकार ऐकून घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, एक बोलू? बाईंना कुठं दिसतंय? लावून टाकू आपल्या अंदाजानं. विचारलं तर म्हणायचं, होतं तसंच आहे."

"बिनडोक्या, दिसत नाही म्हणूनच त्यांना कळणार. तुझ्या-माझ्या घरात साखरेच्या जागी मीठ ठेवलं तर आपण बघून उचलू. त्या काय करतील?"

पैलवानानं मान खाली घातली. जैसेथे बाहेरच्या खोलीत गेला. बाई खिडकीशी बसून नव्या गल्लीचे आवाज ऐकत होत्या.

"समोर सायकलवाला राहतो," त्या म्हणाल्या. "आणि त्याचा पंप फुटकाय. काय झालं? तुमचं पाऊल जड वाजतंय."

त्यानं सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं. स्वस्तातली कार्डं, पाच ताऱ्यांची मतं, करडा चौकोन, सगळं. बोलून झाल्यावर उभा राहिला. कुणी रागावलं की माणसाला हात कुठं ठेवायचे ते कळत नाही, तसा.

बाई रागावल्या नाहीत. चेहरा तेवढा उतरला. "सगळं गेलं?"

"स्वयंपाकघर तेवढं. बाकीच्या खोल्या अगदी..."

"बाकीच्यांची मला काळजीच नव्हती. पलंग मला पायाला लागतो."

"बाई, तुम्हाला आठवत असेल ना काय कुठं होतं? तुम्ही सांगा, मी लावतो."

"तोंडाला नाही हो आठवत. हाताला आठवतं. हात आपोआप जायचा." त्या उठल्या. "चला, हातालाच विचारू."

त्या मांडणीसमोर येऊन उभ्या राहिल्या. डावा हात शेगडीवर ठेवून जागेचा अंदाज घेतला. "आता साखर," असं म्हणाल्या आणि उजवा हात वर केला. हात वर गेला, आणखी वर गेला, टाचा उचलल्या गेल्या, खांदा कानाला लागला, आणि बोटांची टोकं सगळ्यात वरच्या फळीला टेकली. "इथं."

जैसेथेनं साखरेचा डबा काढला, तिथं ठेवायला हात उंचावला आणि त्यालाही जरा ताणून घ्यावं लागलं. तो तसाच थांबला. "बाई, एक विचारू? साखर एवढ्या वर का?"

बाई चवड्यांवर उभ्या होत्या त्या हळूच खाली टेकल्या.

"ही मांडामांड माझी नाहीच," त्या म्हणाल्या. "ह्यांची. हे ताडमाड. लग्न झालं तेव्हा हौसेनं सगळं स्वयंपाकघर लावून दिलं, त्यांच्या हाताला येईल असं. मला म्हणाले, कसंय? मी म्हटलं, छान. नवी नवरी काय म्हणणार? मग रोज टाचा उचलून साखर काढत राहिले. पुढं बदलायचं मनात होतं, तर डोळे जायला लागले. मग बदलायची भीती. हे गेले, तरी साखर वरच." मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "खाली घ्या ती, जैसेथे."

"खाली? बाई, आजवर मी कुणाचं काही हलवलं नाही."

"अहो, घरं हलवायचाच धंदा ना तुमचा?"

पैलवान खोक्याआड तोंड लपवून हसला. साखरेचा डबा हातात धरून जैसेथे तसाच उभा राहिला, एखाद्याच्या घरी नवं मूल कडेवर दिल्यासारखा.

"माझ्या एक्स्चेंजमध्ये कसं होतं सांगते," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज बोर्डासमोर बसलेल्या बाईचा झाला होता. "कोण कुणाला सारखा फोन करतो ते ओळखायचं. ते दोघं हाताजवळ. कुणाची कुणाशी गाठ पडता कामा नये तेही ओळखायचं. ते लांब. चहा आणि साखर दिवसातून चारदा बोलतात, त्यांना शेगडीशी शेजारी शेजारी बसवा. कमरेच्या उंचीला. गाळणी त्यांच्याच खाली. तांदूळ आणि डाळ एकदाच बोलतात पण भरपूर बोलतात, त्यांना खालची फळी द्या, ऐसपैस."

"आणि मीठ?" पैलवानानं विचारलं.

"मीठ लांब. मीठ आणि साखर एका लाइनवर आले की घोटाळा झालाच. मीठ वर टाका."

"तिखट?"

"तिखट रात्रपाळीला. पार त्या टोकाला."

बघता बघता खोकी रिकामी होऊ लागली. बाई बोलत होत्या, जैसेथे ठेवत होता, बाई चाचपून बघत होत्या. "हा डबा जरा माझ्याकडे. आणखी. आता त्याच्या कानाला कान लावून दुसरा." डब्यांच्या झाकणांवर बोटं फिरवून त्या प्रत्येकाला ओळखत होत्या, बरेच दिवस सुट्टीवर असलेल्या माणसानं कामावर परतून एकेकाला भेटावं तशा. दुपार कलायच्या आत मांडणी भरली.

"आता तालीम," बाई म्हणाल्या. "पैलवान, तुम्ही भाचा. बसा."

पहिला चहा झकास उकळला. पैलवानानं घोट घेतला आणि घशातच अडकवला.

"काय झालं?"

"काही नाही बाई. चांगलाय."

"खरं बोला. मला तुमचा चेहरा दिसत नाही."

"समुद्रात पोहताना तोंडात जातं ना, तसं लागतंय."

बाईंनी कप मागून घेतला आणि जिभेला लावला. जैसेथेनं बघितलं होतं काय झालं ते. हात सवयीनं वर गेला होता. टाचा उचलल्या गेल्या होत्या. आणि वर, अगदी साखरेच्या जुन्या जागेवर, आता मीठ होतं. आणि ते त्यानंच ठेवलं होतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "मला कळायला हवं होतं."

"चूक हाताची. इतक्या वर्षांची खोड त्याची. त्याला बोलून उपयोग नाही." बाईंनी क्षणभर विचार केला. खिडकीबाहेर सायकलवाल्याचा पंप फुसफुसत होता. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. भाच्याकडची ती तयार खोली आता फार लांब नव्हती. "मीठ खाली तिखटाशेजारी द्या. वर काही ठेवू नका. अगदी काही म्हणजे काही नाही. हात वर गेला की रिकामा परत येऊ दे. दोन-चारदा उपाशी परतला की शिकेल."

जैसेथेनं वरची फळी साफ केली. एवढी मोठी मांडणी आणि डोक्यावरची फळी ओकीबोकी. त्याच्या डोळ्यांना ते बघवेना. पण त्यानं मन आवरलं.

दुसरा चहा. हात वर गेला, मोकळ्या फळीवर फिरला, खाली आला. तिसरा. हात अर्ध्यातूनच वळला. चौथ्याला हात थेट कमरेशी गेला. पैलवानानं चौथा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, आता माझ्या पोटात रबरी चेंडू उडतोय. भाच्यालाच द्या पुढचा."

भाचा ठरल्या वेळी आला. हातात फळांची पिशवी, तोंडावर काळजी. दारातच त्यानं उंबरा किती उंच आहे ते बघितलं. मग पायपुसणं पायानं सरकवून घसरतं का तेही बघितलं. जैसेथे आणि पैलवान रिकामी खोकी चपटी करायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दाराशी रेंगाळले.

"आत्या, तू बस, मी..."

"तू बस," बाई म्हणाल्या. "नियम तूच घातलायस."

पातेलं चढलं. पाणी. शेगडी पेटली तेव्हा भाच्यानं खुर्चीची कड घट्ट धरली आणि नजर ज्योतीवर लावली ती तिथंच ठेवली. चहाची पूड कमरेशी सापडली. आता साखर. बाईंचा हात निघाला आणि जैसेथेचं खोकं चपटं करायचं थांबलं, कारण हात वर निघाला होता. घाई झाली होती, माणूस समोर बसला होता, आणि हाताला जुनीच वाट सोपी वाटली. टाचा उचलल्या गेल्या. बोटं वरच्या फळीवर टेकली, चाचपली. तिथं काहीच नव्हतं.

बाई एक क्षण तशाच थांबल्या. मग टाचा खाली आल्या, हात खाली आला, कमरेशी आला, चहाच्या डब्याला लागला आणि त्याच्या शेजारच्या झाकणावर येऊन थांबला. झाकण उघडलं. त्यांनी चिमूटभर बोटावर घेतली, जिभेला लावली आणि दोन चमचे पातेल्यात टाकले.

भाच्यानं चहा घेतला. फुंकर मारली, घोट घेतला, दुसरा घेतला. सगळं घर त्याच्या घशाकडे बघत होतं.

"वरची फळी रिकामी का?" त्यानं विचारलं.

"हाताची शाळा आहे ती."

त्याला काही कळलं नाही, पण विम्याच्या माणसाला कागदावर नसलेल्या गोष्टी पटकन कळत नाहीतच. त्यानं कप संपवला. बशीत सांडलेलंही प्यायला. मग बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत बसला. "ठीक आहे, आत्या. राहा इथं. पण रोज संध्याकाळी फोन करायचा."

"मी रोजच करते. उचलत तू नाहीस."

पैलवानाला खोकला आला. भाच्याचा चेहरा जरा लाल झाला आणि मग तोही हसला. "आणखी अर्धा कप आहे का?"

"पातेल्यात आहे. पण तुझ्या मानानं अगोड असेल, साखर घाल वरून," असं म्हणून बाई खुर्चीत मागं रेलून बसल्या.

भाचा उठला. मांडणीसमोर उभा राहिला. डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. एक डबा उघडला, त्यात तांदूळ. दुसरा उघडला, त्यात डाळ. तिसरा उघडून नाक जवळ नेलं आणि शिंकला. पैलवानाचा हात आपसूक त्या शेगडीजवळच्या डब्याकडे दाखवायला उठला, तेव्हा जैसेथेनं त्याचं मनगट धरलं आणि हळूच खाली दाबलं.

"सापडली का?" बाईंनी विचारलं.

"बघतोय," भाचा म्हणाला आणि त्यानं चौथं झाकण उघडलं.